वीट तोडायची नाही : सिगुर्ड लेवेरेंट्स आणि सांध्याचा प्रश्न



आजचा विषय कळल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हाला फोन केला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. वास्तुरचनेवर, आणि तेही स्वीडनच्या एका माणसावर, तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही वास्तुविशारद नाही. बांधकामातलं जे थोडंफार कळतं, ते स्वतःचं घर बांधताना कंत्राटदाराशी हुज्जत घालून आलेलं आहे. (हशा) पण नोकरीभर आम्ही एकच काम केलं. कुणी एखादा नियम सांगितला, की त्यामागचा युक्तिवाद काय आणि तो कुठवर टिकतो, हे बघायचं. आज असाच एक नियम तपासायला घेऊ. बांधकामात एकही वीट तोडायची नाही, हा तो नियम.

ज्यांनी वीटकाम जवळून पाहिलंय, त्यांना हे किती विचित्र आहे ते लगेच कळेल. गवंडी भिंत रचत येतो. कोपरा येतो, दार येतं, खिडकी येते, आणि माप जुळत नाही. तो हातातल्या थापीने विटेवर एक घाव घालतो, अद्धा काढतो, जागेवर बसवतो आणि पुढे सरकतो. त्यात त्याला काही गैर वाटत नाही, आपल्यालाही वाटत नाही. वीट बोलूनचालून भिंतीसाठीच आहे. आता अशी कल्पना करा, की सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा कामावर येऊन उभा राहतो आणि गवंड्यांना सांगतो, की वीट पूर्णच लावायची. तोडायची नाही, घासायची नाही, आणि वेगळ्या आकाराची खास वीट मागवायचीही नाही. कोपरा असो, कमान असो, नाहीतर गोल भिंत असो.

हा म्हातारा म्हणजे सिगुर्ड लेवेरेंट्स. जन्म १८८५, मृत्यू १९७५. नव्वद वर्षांचं आयुष्य, आणि ज्या दोन इमारतींमुळे आज जगभरचे वास्तुविशारद त्याचं नाव आदराने घेतात, त्या त्याने सत्तरीनंतर बांधल्या. एक स्टॉकहोमच्या ब्यर्कहागेन उपनगरातलं संत मार्कचं चर्च, आणि दुसरं दक्षिणेकडच्या क्लिप्पान गावातलं संत पीटरचं चर्च.

चरित्राचा पहिला भाग भराभर सांगतो. तो उत्तर स्वीडनमध्ये जन्मला, वडील काचेच्या कारखान्याचे व्यवस्थापक. गोथेनबर्गच्या चाल्मर्स संस्थेत शिकला, मग म्युनिकला जाऊन उमेदवारी केली. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या राजकीय कला अकादमीतलं शिक्षण रुक्ष वाटून काही विद्यार्थी बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शाळा काढली, 'क्लारा शाळा' नावाची. शिकवायला त्यांनी आपल्या पसंतीचे वास्तुविशारद बोलावले. त्यांतले एक राग्नार ऑस्टबेरी. नोबेल पुरस्काराची मेजवानी ज्या नगरभवनात होते, ते पुढे त्यांनीच बांधलं. आणि या बंडखोर विद्यार्थ्यांमध्ये दोघे होते, एकाच वर्षी जन्मलेले : लेवेरेंट्स आणि गुन्नार आस्प्लुंड. ही जोडी लक्षात ठेवा.

आता आमची तक्रार काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं कुठे चाललंय ते कळेल. या माणसाने जवळजवळ काहीच लिहिलं नाही. घोषणापत्र नाही, सिद्धान्त नाही, कुठे प्राध्यापकी नाही. आता, न बोलणाऱ्या माणसाबद्दल काहीही बोलता येतं, हे तुम्हाला आमच्या क्षेत्रावरून ठाऊक असेलच. (हशा) लेवेरेंट्सच्या मौनाभोवती त्याच्या चाहत्यांनी एक दंतकथा उभी केली. एकाकी, अबोल, तडजोड न करणारा ऋषी; विटेचा आत्मा ओळखणारा संत. वीट म्हटली की आपल्यालाही लगेच पंढरपूर आठवणार आणि हात जोडले जाणार. ती सवय आज थोडी आवरू या. आदर वाटणं आणि समजणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमचं म्हणणं असं आहे, की वीट न तोडण्याचा हा नियम विटेबद्दल नाहीच. तो सांध्याबद्दल आहे. दोन गोष्टी एकमेकींना भेटतात तेव्हा कोणी वाकायचं, हा लेवेरेंट्सचा आयुष्यभराचा प्रश्न होता. दगडाला आणि काचेला त्याने याचं अपूर्व उत्तर दिलं. माणसांच्या बाबतीत मात्र ते त्याला जमलं नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र बघितल्याशिवाय त्याचं काम नीट वाचता येत नाही.

पहिल्यापासून बघू. १९१५ मध्ये स्टॉकहोमने शहराच्या दक्षिणेला नवी दफनभूमी बांधण्यासाठी स्पर्धा ठेवली. जागा म्हणजे पाइनचं जंगल, आणि त्यात वाळू-खडी काढून झालेले जुने खड्डे. आस्प्लुंड आणि लेवेरेंट्स या तिशीतल्या दोघांनी मिळून ती स्पर्धा जिंकली. त्यांची मुख्य सूचना अशी, की जंगल साफ करून उद्यान करायचं नाही. झाडं तशीच ठेवायची आणि थडगी झाडांमध्ये जातील. या जागेचं नाव स्कूगशुर्कोगोर्देन, म्हणजे अरण्यातली दफनभूमी. १९९४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आमची मुलगी काही वर्षं स्टॉकहोमला नोकरीला होती, तेव्हा आम्ही दोघं तिथे गेलो होतो. भुयारी रेल्वेच्या हिरव्या मार्गावर त्याच नावाचं स्टेशन आहे. फाटकातून आत शिरलं की समोर मोठं, उघडं, गवताळ मैदान चढत जातं, आणि उजव्या हाताला एक टेकडी, तिच्या माथ्यावर एल्म झाडांचा चौकोन. ही टेकडी माणसाने रचलेली आहे, आणि तिथवर नेणाऱ्या पायऱ्यांमध्ये एक गंमत आहे. जसजसं वर जावं, तसतशी पायऱ्यांची उंची कमी होत जाते. आम्हाला हे आधी माहीत नव्हतं. आमचे गुडघे तेव्हाही कुरकुरत होते. पण वर पोचेपर्यंत धाप लागली नाही, उलट श्वास संथ झाला. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की हे मुद्दाम केलेलं आहे. शोक करणारा माणूस थकलेला असतो, त्याला चढ जाणवू नये. बघा, इथे दुःखावर काही भाष्य नाही, प्रतीक नाही. फक्त पायरी थोडी खाली आली आहे. टेकडीची ही रचना लेवेरेंट्सच्या नावावर आहे.

त्या टेकडीपासून ८८८ मीटरची एक सरळ वाट जंगलातून जाते. सुरुवातीला बर्च, म्हणजे उजेड पाझरू देणारी पांढऱ्या सालीची झाडं. पुढे पाइन, आणि मग गर्द स्प्रूस. उजेड कमी कमी होत जातो आणि टोकाला एक देवळासारखी इमारत दिसते. हे लेवेरेंट्सचं पुनरुत्थान चॅपेल, १९२५ सालचं. समोर उंच खांबांचा अभिजात मंडप, मागे उंच, साधी, जवळजवळ कोरी भिंत. लांबून वाटतं, नेमस्त, शाळेत शिकवतात तशी अभिजात रचना आहे. जवळ गेलं की कळतं, मंडप चॅपेलला चिकटलेलाच नाही. दोघांच्या मध्ये फट आहे. इतकंच नव्हे, मंडप किंचित तिरका उभा आहे. मंडपाची दिशा एक आणि सभागृहाची दिशा एक. कोणीच कोणासाठी वळलेलं नाही. त्या काळचा दुसरा कुणीही असता तर त्याने एकाला तासून दुसऱ्यात बसवलं असतं. लेवेरेंट्सने दोघांना पूर्ण ठेवलं आणि मध्ये फट सोडली. चाळीस वर्षांनंतर विटेच्या बाबतीत जे दिसणार आहे, ते इथे आधीच दिसतं.

आत आणखी एक गोष्ट. लोक उत्तरेच्या दारातून येतात. आत अंधारलेलं आहे. दक्षिणेच्या भिंतीत एकच मोठी खिडकी, तिचा उजेड शवपेटीच्या जागेवर. विधी झाला की बाहेर पडायचं ते पश्चिमेच्या वेगळ्या दाराने. आलेल्या वाटेने परत जायचं नाही. स्मशानातून परतताना मागे वळून पाहू नये, असं आपल्याकडे सांगतात. इथे ते कुणी सांगत नाही, भिंत स्वतःच तशी वळवते. आम्ही याला वास्तुरचनेतला विचार म्हणतो. शब्दात मांडलेल्या विचाराइतकाच तो तपासता येतो, कारण तो प्रत्येक येणाऱ्याच्या पायांवर सिद्ध होतो.

आता दुःखद भाग. दफनभूमीचं मुख्य काम, म्हणजे मोठी दाहनशाळा आणि तिच्याबरोबरची चॅपेलं, १९३० च्या दशकात पुढे सरकलं. लेवेरेंट्सचं काम हळू चालायचं. तो एका तपशिलाशी महिनोन्‌महिने झुंजायचा. दफनभूमीच्या मंडळाशी संबंध ताणले गेले आणि दशकाच्या मध्याला मंडळाने त्याला बाजूला केलं. काम एकट्या आस्प्लुंडकडे गेलं. वीस वर्षांची मैत्री तुटली. आस्प्लुंडने ती इमारत १९४० मध्ये पूर्ण केली आणि त्याच वर्षी तो वारला.

या प्रसंगाची दोन वाचनं प्रचलित आहेत. एका वाचनात आस्प्लुंड संधिसाधू आणि लेवेरेंट्स हुतात्मा. दुसऱ्या वाचनात लेवेरेंट्स अव्यवहारी, आणि आस्प्लुंडमुळे काम तडीस गेलं. आम्हाला दोन्ही सोयीची वाटतात. आस्प्लुंडची ती इमारत अप्रतिम आहे. मोकळ्या मंडपातून तळ्याकडे बघत आम्ही बराच वेळ बसलो होतो, आणि तिला कमी लेखायचं आमच्या मनात येऊच शकत नाही. पण ज्या टेकडीमुळे आणि मैदानामुळे तिला तो भारदस्तपणा येतो, ते दोघांच्या एकत्र कामातून आलेलं आहे. कुठे एकाचं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, हे सांगता येत नाही. म्हणजे ती जागा हाच या दोघांमधला उत्तम सांधा होता. जागेत तो टिकला, माणसांत तुटला. मंडळाला वेळेत बसणारी वीट हवी होती, आणि जी बसत नव्हती ती त्यांनी तोडली. तोडलं गेल्याचा हा अनुभव आणि नंतरचा तो नियम यांचा कार्यकारणसंबंध आम्ही जोडणार नाही. तसा पुरावा नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात घडल्या, हे विसरून त्याचं नंतरचं काम बघता येत नाही.

यानंतरच्या काळाबद्दल चरित्रकार बहुधा घाईने बोलतात. 'वाया गेलेली वर्षं' असा सूर असतो. आम्हाला वाटतं, सगळ्यात जास्त थांबायला हवं ते इथेच. लेवेरेंट्स एस्किलस्टुना या गावी गेला. लोखंडकामासाठी हे गाव जुन्या काळापासून प्रसिद्ध. तिथे त्याने इडेस्टा नावाचा कारखाना चालवला. माल काय? खिडक्यांच्या आणि दारांच्या धातूच्या चौकटी, बिजागऱ्या, कड्या. यांतल्या काही गोष्टींचे पेटंट त्याच्या नावावर होते. माल्मो शहराची दफनभूमी १९१६ च्या स्पर्धेपासून त्याच्याकडे होती, तिथलं काम अधूनमधून चालू राहिलं. पण रोजचं जगणं म्हणजे पोलादी चौकट : तिच्यात काच कशी बसते, पाणी कुठून शिरतं, थंडीत धातू किती आखडतो, सांधा कुठे फुटतो.

इथे आम्हाला आमच्या घराण्यातला एक माणूस आठवतो. लुडविग विट्गेनस्टाइनने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नामध्ये आपल्या बहिणीसाठी घर बांधलं. दाराच्या मुठी आणि खोली उबदार ठेवणारी लोखंडी यंत्रं यांच्यावर त्याने अमाप वेळ घालवला. घर पूर्ण होत आलं असताना एका खोलीचं छत त्याने तीन सेंटिमीटर वर उचलायला लावलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आम्ही वर्गात ती अचूकतेचं उदाहरण म्हणून सांगायचो. आता तिच्याकडे थोडं वेगळं बघतो. विट्गेनस्टाइनच्या डोक्यात प्रमाण आधी होतं, वस्तूंनी त्या प्रमाणात यायचं होतं. नाही आल्या तर छत उचलायचं. लेवेरेंट्सचं उलट आहे. त्याच्याकडे वस्तू आधी, ती जशी भट्टीतून आली तशी. प्रमाण तिच्याभोवती जुळवायचं.

हे सगळं त्याने उतारवयात बांधलं. ब्यर्कहागेनच्या चर्चची स्पर्धा त्याने जिंकली तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता. १९६० मध्ये चर्च पुरं झालं आणि १९६२ मध्ये त्याला स्वीडनचा कास्पर सालीन पुरस्कार मिळाला, तो पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी. स्कूगशुर्कोगोर्देनसारखंच हेही हिरव्याच मार्गावर, फक्त फाटा वेगळा. चहूकडे बर्चची झाडं, आणि त्यांच्यामध्ये गडद विटेची लांबट भिंत. वीट हेल्सिंगबोर्गची, काळसर, भाजून घट्ट झालेली. माल सांध्यांतून बाहेर ओघळला, की तो कोरून साफ करायचा नाही, गोणपाटाने तसाच विटेवर पुसून घ्यायचा. त्यामुळे भिंत राखाडी-करडी दिसते, बर्चच्या सालीसारखी.

आणि मग क्लिप्पान. १९६६ मध्ये हे चर्च पुरं झालं, तेव्हा लेवेरेंट्स ऐंशी पार करून गेला होता. क्लिप्पानला आम्ही गेलेलो नाही. तिथलं जे सांगतो ते नकाशे, छायाचित्रं आणि तिथे गेलेल्यांच्या वर्णनांच्या आधारावर. मुख्य सभागृह चौरस आहे. मधोमध, पण नेमकं मध्यावर नाही, असा पोलादी खांब, वर आडवी तुळई, T या अक्षरासारखी. तिच्यावर विटेची घुमटाकार छतं. फरशी विटेची, भिंत विटेची, छत विटेचं, वेदीसुद्धा विटेची. फरशी वेदीकडे हळूच उतरते. बाप्तिस्म्याच्या जागी फरशी फुगून वर येते, जणू खालून कशाने तरी उचलली आहे, आणि तिला चीर पडलेली आहे. त्यावर समुद्रातला एक मोठा शिंपला ठेवलेला. त्यातलं पाणी थेंब थेंब त्या चिरेत पडतं. शांततेत तो आवाज ऐकू येतो म्हणतात.

खिडक्या बघा. आतून बघितलं तर चौकट दिसतच नाही. भिंतीत नुसतं चौकोनी भोक आहे, आणि भोकातून आकाश. काच कुठे गेली? काचेचं तावदान भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, भोकापेक्षा मोठं, चिमट्यांनी धरून ठेवलेलं आहे आणि कडेने रबरासारख्या लुकणाने सांधा बंद केलेला आहे. बस. भिंतीत खाच नाही, काचेला चौकट नाही. भिंत पूर्ण, काच पूर्ण. ज्या माणसाने वर्षानुवर्षं चौकटी विकल्या, त्यानेच चौकट काढून टाकली. हे नवशिक्याला सुचलं नसतं. ज्याला चौकटीतला प्रत्येक सांधा पाठ आहे, त्यालाच कळतं की तिच्यातलं खरोखर आवश्यक काय आणि निव्वळ सवयीचं काय. म्हणून 'वाया गेलेली वर्षं' हा शब्द आम्हाला मान्य नाही. क्लिप्पानची खिडकी एस्किलस्टुनाच्या कारखान्यात तयार झाली आहे.

आता त्या नियमाकडे येऊ. वीट का तोडायची नाही? चाहते म्हणतात, साहित्याशी प्रामाणिकपणा. अहमदाबादच्या आयआयएममुळे आपल्याला लुई कान परिचित आहे. विटेला काय व्हायचंय ते तिलाच विचारावं, असं तो सांगायचा. लेवेरेंट्सलाही लोक याच पंगतीत बसवतात. आणखी थोडे शिकलेले लोक कांटला आणतात : माणसाला केवळ साधन समजू नका, असं कांट म्हणतो, लेवेरेंट्सने ते विटेला लागू केलं. वाचायला छान वाटतं. पण कांटचा आधार माणसाच्या विवेकशक्तीवर आहे. विटेला विवेक नाही, इच्छा नाही, अपमानही नाही. वीट तोडल्याने विटेचं काहीही बिघडत नाही.

मग नियमाने होतं काय? हिशोब करून बघा. विटेचं माप ठरलेलं. खोलीची, दाराची, कमानीची मापं वेगळी. जुळवाजुळव तर करावीच लागणार. ती विटेत करायची नाही म्हटल्यावर ती कुठे जाते? मालात जाते. दोन विटांमधला सांधा एके ठिकाणी बोटभर, तर दुसऱ्या ठिकाणी चांगलाच रुंद होतो. क्लिप्पानच्या छायाचित्रांत काही ठिकाणी माल इतका दिसतो, की विटा त्यात तरंगतायत असं वाटावं. थोडक्यात, वीट तडजोड करत नाही, कारण तिच्या वाट्याची तडजोड माल करतो.

आमच्या मते हा लेवेरेंट्सचा खरा शोध आहे, आणि त्याची दंतकथा नेमकी हाच झाकून टाकते. दंतकथा म्हणते, या माणसाने तडजोड केली नाही. भिंत सांगते, तडजोड सगळीकडे आहे, फक्त ती लपवलेली नाही. आपल्या नेहमीच्या भिंतीत अद्धे प्लास्टरखाली जातात आणि सगळं सारखं जुळल्याचा देखावा होतो. लेवेरेंट्सच्या भिंतीत जुळवून घेण्याचा खर्च प्रत्येक सांध्यात डोळ्यांसमोर राहतो. अशी भिंत खोटं बोलू शकत नाही.

पण समीक्षकाने इथेच थांबून टाळ्या वाजवल्या, तर काम अर्धंच झालं. मालाचा प्रश्न पुढे न्यायला हवा. एका बाजूने कुणी अढळ राहायचं ठरवलं, की दुसऱ्या बाजूने कुणाला तरी भरून काढावं लागतं. क्लिप्पानमध्ये ते कुणी भरून काढलं? गवंड्यांनी. हातात बसलेली सवय मोडून त्यांना एकेका विटेचा सांधा नव्याने ठरवावा लागला. आणि उपासनेला येणाऱ्या लोकांनी. तिथला अंधार गाढ आहे, आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. समीक्षक एकदा जातो, भारावतो, लेख लिहितो. गावातल्या म्हातारीला दर रविवारी त्या उतरत्या, उंचसखल फरशीवरून चालायचं असतं. स्कूगशुर्कोगोर्देनच्या पायऱ्या शोक करणाऱ्यासाठी खाली आल्या होत्या. क्लिप्पानची फरशी मात्र माणसाने आपल्याशी जुळवून घ्यावं असं म्हणते. आम्हाला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पस्तिशी-चाळिशीतला लेवेरेंट्स आणि ऐंशीतला लेवेरेंट्स यांत फक्त उन्नती झाली, असं सरसकट म्हणवत नाही. काहीतरी गवसलं, आणि पहिल्यातली माणसाविषयीची एक मऊ काळजी थोडी मागे पडली.

याला प्रत्युत्तर आहे, आणि ते आम्ही दडवणार नाही. क्लिप्पानमध्ये लोक वेदीच्या समोर ओळीने न बसता तिच्या तीन बाजूंनी जमतात. अंधारामुळे शेजारचा माणूस जवळ वाटतो. नजर सजावटीत भरकटत नाही. अंधार इथे गैरसोय नसून निमंत्रण आहे, असं तिथे गेलेले अनेकजण सांगतात. हे आम्ही मान्य करतो. किंमत आहे म्हणजे वस्तू वाईट आहे, असं आमचं म्हणणं नाही. किंमत कुणी दिली हे सांगून मग स्तुती करावी, एवढंच.

शेवटची एक छोटी इमारत सांगतो. १९६९ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, लेवेरेंट्सने माल्मोच्या दफनभूमीत फुलांचं दुकान बांधलं. त्या जागेशी त्याचं नातं त्रेपन्न वर्षांचं होतं. काँक्रीटची खोली, वर तांब्याचं छप्पर, बाहेरून लावलेली तावदानं, भिंतीवरून उघड्या फिरलेल्या विजेच्या तारा. कुणाच्या तरी थडग्यावर वाहायला फुलं घ्यायची, इतकंच तिथलं काम. तिथे गूढ काही नाही, अंधारही नाही. सगळे सांधे मात्र उघडे. त्याचं आमचं आवडतं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर लोक क्लिप्पानची अपेक्षा करतात आणि आम्ही या दुकानाचं नाव घेतो. इथे त्याचा हट्ट आणि येणाऱ्या माणसाची सोय, दोन्ही पूर्ण राहिले आहेत.

इथे थांबतो. 

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक)

प्रश्न : सर, मी वास्तुरचनेच्या चौथ्या वर्षाला आहे. आज कुठलाही ग्राहक असा हट्ट चालवून घेणार नाही, वेळही नसतो. मग यातून आम्ही घ्यायचं काय?

उत्तर : बाळ, नियम घेऊ नकोस. वीट न तोडण्याचं अनुकरण केलंस तर ती नुसती शैली होईल, आणि तशा शैलीची दुकानं आता पुष्कळ निघाली आहेत. (हशा) प्रश्न घे. तू रेखाटत असशील तेव्हा दोन गोष्टी जिथे भेटतात तिथे थांब आणि स्वतःला विचार, की इथे तोडलं कुणाला, आणि भरून काढलं कुणी? मग ती वीट असो, गवंडी असो, की तुझ्याबरोबर काम करणारा तुझा मित्र असो. लेवेरेंट्सला पहिल्याचं उत्तर सापडलं. तिसऱ्याचं नाही सापडलं. तुम्हाला दोन्ही सापडोत.